कानाला हात लागतो का?

आमच्या आजोबांची जन्मतारीख १ जुलै. त्यांच्या धाकट्या भावाची १ जुलै, दोन्ही मेहुण्यांचीही १ जुलैच. सरकारी नोकरीतले घरातले सगळे पुरुष ३० जूनलाच रिटायर व्हायचे. ही करामत ग्रहांची नव्हती, मास्तरांची होती. पोरगं शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारत, "जन्म कधीचा?" बाप सांगे, "मोठा पूर आला नं, त्याच्या पुढच्या साली. तूर सोंगणीले आली होती." मास्तर तो पूर आणि ती तूर बाजूला ठेवून रजिस्टरात १ जुलै लिहून मोकळे होत. सहा वर्षं खरंच पुरी झालीत का, अशी शंका आलीच तर पोराला म्हणत, "उजवा हात डोक्यावरून ने अन् डावा कान धर." कान हाती लागला तर पहिलीत. नाही लागला तर पुढच्या वर्षी आणा.

विलायतेत २५ जुलै २०२५ पासून असा नियम आला की प्रौढांच्या साइटवर जायचं तर आधी वयाचा पुरावा द्या. ओळखपत्र दाखवा, नाहीतर कॅमेऱ्यापुढे तोंड धरा, म्हणजे यंत्र चेहरा बघून वयाचा अंदाज करेल. ही बातमी वाचून मला मास्तरांचा अभिमान वाटला. इंग्रज चेहऱ्यावरून ताडतात, आपण दंडाच्या लांबीवरून ताडत होतो, आणि तेही वीज न जाळता.

आपल्याकडे वय हे कायम बोलणी करूनच ठरत आलं आहे. एसटीत बाराव्या वर्षापर्यंत अर्धं तिकीट. त्यामुळे नागपूरच्या गणेशपेठ स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांत, मिसरूड फुटायच्या बेतातली पोरं आईला बिलगून, पाय आखडून, शक्य तितकी कमी जागा व्यापून बसलेली दिसायची.

"काकू, याचं वय काय?"

"अकरावं चालू आहे जी."

"मागच्या दिवाळीतही अकरावंच चालू होतं."

कंडक्टर हे म्हणायचा आणि अर्धंच तिकीट फाडायचा, कारण मागे तीस माणसं उभी होती. आता त्याच एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास फुकट झाला, तर उलटाच देखावा दिसतो. जन्मभर वय चोरलेली माणसं कंडक्टर जवळ यायच्या आधीच आधार कार्ड काढून बसतात. कुणी तिहत्तरचा असला तर त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर फक्त पेन्शनरांच्या कट्ट्यावर बघायला मिळते.

मग स्कूटी. पोरगी चौदाची, पण 'नीट'ची फाउंडेशन बॅच सकाळी सहाची, आणि क्लास घरापासून चार किलोमीटर. बाप स्वतः किल्ली देतो आणि म्हणतो, "गल्लीगल्लीतून जाते ती, मेन रोड लागतच नाही." २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. बापाला हे ठाऊक असतं. म्हणून तर तो गल्ल्या पाठ करवून घेतो.

एवढं पुराण सांगायचं कारण असं की नवा कायदा नेमक्या याच बापाच्या शब्दावर उभा केला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी आईबापाची, पडताळून घेता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम जाहीर झाले १४ नोव्हेंबर २०२५ ला, म्हणजे ऐन बालदिनी. मुख्य तरतुदी लागू व्हायला पुढे दीड वर्षाची मुदत. या नियमांत समजुतीसाठी उदाहरणं दिली आहेत. त्यातल्या एकात बालक स्वतःहून कंपनीला कळवतं की मी लहान आहे, आणि हे माझे पालक. मी ते वाक्य चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दिल्लीत कुठल्या तरी टेबलावर बसून कुणीतरी असं मूल डोळ्यांपुढे आणलं, त्या माणसाच्या निरागसपणाला तोड नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तीन मजले आणि बरीच मुलं आहेत. 'मी लहान आहे' हे त्यांनी आजवर फक्त भाजी आणायला पाठवताना सांगितलं आहे.

शेजारच्या आठवीतल्या पोट्ट्याला मी विचारलं, "काय बे, तू जन्मसाल काय टाकतो?" म्हणाला, "काका, ते चाक असते नं सालाचं, ते जोरात फिरवाचं. जिथं थांबलं तिथं थांबलं." त्याचं चाक १९७१ वर थांबलं. म्हणजे इंटरनेटवर तो आमच्या घरच्यांपेक्षा थोरला आहे. गुढीपाडव्याला त्याने नमस्कार केला तेव्हा आशीर्वाद द्यावा की घ्यावा, हा मला पेचच पडला.

त्याच्या धाकट्या बहिणीला तर खोटं बोलायचीही गरज पडली नाही. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर भरू लागली तेव्हा बापाने आपल्याच जीमेलवर तिचा फोन चालू करून दिला, तो अजून तसाच आहे. तेव्हा यंत्राच्या लेखी नागपुरात एक चव्वेचाळीस वर्षांचा गृहस्थ आहे, जो दुपारी तीन वाजता स्लाइम कसा बनवायचा हे बघतो, मग युनिकॉर्नची चित्रं रंगवतो आणि रात्री दहा वाजता टर्म इन्शुरन्सची चौकशी करतो. यंत्र बिचारं गोंधळून मुलीला गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिराती दाखवतं आणि बापाला चमचमत्या टिकल्यांच्या. अशा घरात 'पालकांची संमती' मागणारा ओटीपी आला तर तो कुणाच्या हातातल्या फोनवर येईल? आणि तो वाचून दाखवायला बाप कुणाला हाक मारेल?

आमच्या वेळी फार कडक पहारा होता, असं माझ्या वयाची माणसं सांगतात. तेव्हा पहारा होता, हे खरं. मात्र तो वयावर नव्हता. 'केवळ प्रौढांसाठी'चा गोलातला 'ए' पोस्टरवर असला की बर्डीवरच्या एका टॉकीजचा डोअरकीपर दारात बॅटरी घेऊन उभा राहायचा. दाखला-बिखला तो मागत नसे. बॅटरी तोंडावर मारून एकच विचारायचा, "काऊन बे, तू पोस्टमास्तरांचा नं?" संपलं. पोट्टा पोस्टमास्तरांचा नसेल, कळमेश्वरहून शटलने आलेला असेल, तर त्याला तो बाल्कनीत नेऊन बसवेल. त्यामुळे शहरात स्थलांतराची एक शिस्तच पडली होती. महालातली पोरं सदरला लिबर्टी नाहीतर स्मृतीला जायची, सदरची इतवारीकडे उतरायची. ओळखीच्या दारातून आत जायचं नाही, एवढं एक तत्त्व.

पुस्तकांचंही तेच. भाड्याने कादंबऱ्या देणारा दुकानदार चंद्रकांत काकोडकर वरच्या फळीवर ठेवायचा आणि मागणारा ओळखीच्या घरचा असला की म्हणायचा, "ते गेलंय." पुस्तक त्याच्या डोक्याच्या वर दिसत असायचं. आजच्या वाचकाला काकोडकर कदाचित एवढेच ठाऊक असतील की त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' निघाला. पण वयोमर्यादेच्या वादात त्यांचं नाव सोन्याच्या शाईने लिहायला हवं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही कथा आली, कुणाच्या तरी ती डोळ्यांत खुपली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयाने त्यांना सोडलं. निकालात एक मुद्दा असा होता की कादंबरीत स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून ती कोवळ्या वयाच्या हाती देऊ नये असं म्हटलं, तर त्या वयाच्या वाचकांना कादंबऱ्या सोडून निव्वळ धार्मिक पोथ्याच वाचाव्या लागतील. न्यायमूर्तींनी आमच्या दुकानदाराची वरची फळीच खाली आणली म्हणा ना. अर्थात निकाल महालापर्यंत पोचला नाही. पुस्तक 'गेलेलं'च राहिलं.

त्याही आधीचे र. धों. कर्वे. त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ चाललं. त्यात वाचक पत्रातून ते प्रश्न विचारत, जे घरात विचारले तर थोबाडीत बसली असती, आणि कर्वे थंडपणे, शास्त्राला धरून उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्या माणसाला बाबासाहेबांच्या वकिलीतला हा खटला विशेष जवळचा वाटावा, पण इथे तो फारसा कुणाच्या तोंडी नसतो. बाबासाहेब तो हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

कर्व्यांची आठवण मुद्दाम काढली. फाटक लावायचं म्हटलं की ते घाण आणि प्रश्न यांत फरक करत नाही. नववीतल्या मुलीला पाळीबद्दल, अंगातल्या बदलांबद्दल, कुणी नको तिथे हात लावला त्याबद्दल विचारायचं असेल, तर आई म्हणते "वेळ आली की कळेल", बाई म्हणतात "हा धडा घरी वाचा". उरतो फोन. त्या फोनवर कचरा शंभर पट आहे हे मान्य, मीही तो पाहिला आहे आणि जेवण गेलं नाही. पण फाटक लागलं की कचऱ्याच्या बरोबर ते एक बरं उत्तरही आतच राहतं. कचऱ्याला बाहेर यायच्या शंभर वाटा ठाऊक असतात, उत्तराला एकही नसते.

वाटांचं म्हणाल तर ते विदर्भाला कुणी शिकवायला नको. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून नागपूर जिल्ह्याच्या हद्दीतले बार कसे फुलले ते वर्धा रोडने जाणारा कुणीही सांगेल. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. त्या सहा वर्षांत शिवेवरचे रस्ते जसे गजबजले, तसंच विलायतेत नियम आला त्या आठवड्यात व्हीपीएनचं झालं. बटण दाबलं की आपण हद्दीपलीकडे. फरक इतकाच की इथे परत येताना नाक्यावर कुणी तोंडाचा वास घेत नाही.

म्हणजे मी काय सगळं मोकाट सोडा म्हणतो? नाही म्हणत. वरच्या फळीवरचा काकोडकर आणि हातातली रील यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो माझ्या पिढीला पटकन दिसत नाही. काकोडकरांचं पुस्तक मिटलं की गप्प बसायचं. आपण कुठल्या पानावर रेंगाळलो हे त्याला कळत नसे. रात्री दीड वाजता उशाशी येऊन "यासारखीच आणखी तीन आहेत, दाखवू?" असं ते विचारत नसे. रीलला सगळं कळतं. बोट कुठे थबकलं, किती वेळ थबकलं, कालच्यापेक्षा आज जास्त का थबकलं. तिथे मूल काय बघतं यापेक्षा मुलाकडे कोण बघतंय ही खरी काळजी. म्हणून त्या २०२३ च्या कायद्याच्या नवव्या कलमातला संमतीचा भाग मला जितका विनोदी वाटतो, तितका पुढचा भाग मोलाचा वाटतो. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायची नाही, त्यांच्या वागण्याचा माग काढायचा नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. कर्व्यांच्या २०० रुपयांपासून आपण बरेच पुढे आलो आणि या वेळी दंडाची पावती योग्य पत्त्यावर जाईल अशी आशा तरी आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, त्यातही मला हेच आवडलं. दंड कंपन्यांना, पोराला नाही आणि बापालाही नाही. आपला बाप तेवढ्यावरच ऑस्ट्रेलियाला जायला तयार होईल. त्या दिवसांत नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं, तेव्हा पानठेल्यावर विषय निघाला. ठेलेवाला कात लावता लावता म्हणाला, "साहेब, सोळाच्या आतले बंद केले तर ठीक. साठच्या वरचे जे गुड मॉर्निंग पाठवून राहिले, त्याईचं काय?" मी पान घेतलं आणि निघालो.

आपल्याकडेही गावांनी कंबर कसली आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं बान्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामपंचायतीने ठराव केला की अठराच्या आतल्या मुलांच्या हाती मोबाइल नको. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग पुन्हा चालू. दोन्ही गावांची कळकळ एकच, लॉकडाउनमध्ये अभ्यासासाठी हाती आलेला फोन अभ्यास सुटला तरी सुटेना. पण मला कौल द्यायचा झाला तर मी वडगावला देईन. त्या भोंग्याला वय नाही. तो आजीच्या मालिकेलाही वाजतो आणि सरपंचाच्या व्हॉट्सअॅपलाही.

ही वडगावची गोष्ट मी आमच्या त्रिमूर्तीनगरच्या सोसायटीच्या सभेत सांगितली. एप्रिल संपत आलेला, संध्याकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, फरशीतून अजून वाफ येत होती. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा मुलांना बाहेर काढणं हा बालहक्कांचा भंग ठरेल. पारा पंचेचाळीसला, कूलरच्या एका खोलीत अख्खं घर, वाळ्याचा वास, पडदे ओढलेले. अशात मूल काय करणार? हे मी मांडत होतो, तेवढ्यात वयाचा मुद्दा निघाला आणि सभेत खरी जान आली.

ज्यांचा मुलगा बारावीत होता ते म्हणाले, बंदी सोळापर्यंत पुरे. ज्यांची मुलगी दहा वर्षांची त्या म्हणाल्या, अठराच्या खाली बोलूच नका. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा नातू तेरा पूर्ण करून चौदाव्यात होता. इन्स्टाग्रामही तेरापासून घेतं, तेव्हा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा आकडा तेरा, असं त्यांचं म्हणणं पडलं. वकीलसाहेबांनी मग एकेक दाखला दिला. बिनगिअरची छोटी गाडी सोळाला, मत अठराला, तेही १९८९ पासून, आधी एकवीस होतं. नवरदेव एकवीसला. महाराष्ट्रात बिअर एकवीसला, व्हिस्की पंचवीसला. "म्हणजे माणूस आमदार निवडून देतो त्यानंतर सात वर्षांनी त्याला व्हिस्की प्यायची परवानगी आहे," ते म्हणाले, "वास्तविक गरज लगेच पडते." यावर सभा पाच मिनिटं हसत होती आणि कुणाचा आकडा कुणाला मान्य झाला नाही. प्रत्येकाची मर्यादा आपलं पोर वगळून शेजारच्यावर बरोबर पडत होती.

मग भोंगा घेऊ म्हटलं, वयच नको. तर सातला सरांचा ऑनलाइन क्लास. सातलाच आजींचा हरिपाठ लाइव्ह. सव्वासातला कुणाच्या मुलाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल, साडेसातला आयपीएल. सेक्रेटरी म्हणाले, सात ते साडेआठ जमत नसेल तर पहाटे पाच ते साडेसहा ठेवू, कुणाची हरकत येणार नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मुलं तोवर कंपाउंडच्या भिंतीला रेलून, एका हातात बॅट आणि एका हातात टेनिस बॉल घेऊन उभी होती. सभेसाठी त्यांचा डाव अर्ध्यावर मोडून खुर्च्या मांडल्या होत्या. ती रोज तिथेच खेळतात, कारण पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर आता सात मजले उभे आहेत. त्यांच्या डोक्यावर भिंतीला सोसायटीची पाटी, 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. दंड रु. १००'. कार्यक्रमपत्रिकेवरचा पुढचा विषय या दंडाचाच होता, कारण गेल्या महिन्यात एका गाडीचा आरसा फुटला. सेक्रेटरींनी तो २०० करण्याचा ठराव मांडला. बारावीवाल्यांनी अनुमोदन दिलं, दहा वर्षांच्या मुलीच्या आईने हात वर केला, आंतरराष्ट्रीय मान्यतावाल्या आजोबांनीही केला, आणि त्या संध्याकाळचा तो एकमेव ठराव एकमताने मंजूर झाला.